दोन ठिपक्यांचा चेंडू

"मारलास?" मी विचारलं.

"मारला," कुमुद म्हणाली.

"गेला कुठे?"

"धुक्यात."

समोर खरोखरच दुसरं काही नव्हतं. जानेवारीतला शनिवार होता. नाशिकच्या बाजूला थंडीत पहाटे असं धुकं उतरतं की आपलेच बूट आपल्याला अनोळखी वाटायला लागतात. क्लबच्या मागच्या मोकळ्या माळावर आम्ही सरावाला उभे होतो. एरवी तिथून अंतराच्या पांढऱ्या पाट्या दिसत, त्यांच्यामागे सुबाभळीची रांग आणि त्याही पलीकडे डोंगर. त्या दिवशी पाट्या नव्हत्या, झाडं नव्हती आणि डोंगर कुणी रातोरात उचलून नेला असता तरी आम्हाला पत्ता लागला नसता.

"आवाज मात्र छान आला," डॉक्टर भडकमकर म्हणाले. "ऐकलात ना गुप्ते? ठण्ण! देवळातल्या घंटेसारखा. वहिनी, अजून एक होऊ दे."

भडकमकर दातांचे डॉक्टर. गावातल्या निम्म्या लोकांचे दात आणि क्लबातल्या सगळ्यांचे कान त्यांच्या ताब्यात होते. त्यांचे जावई जपानात नोकरीला होते आणि सासऱ्यांना खूश ठेवायला दर वर्षी नवी गोल्फची काठी धाडत. या खेपेला आला होता एक ड्रायव्हर. होलच्या सुरुवातीचा लांबचा फटका मारायची ही सगळ्यात लांब काठी. पण हा भलताच हलका निघाला. भडकमकरांचा देह पैलवानी. त्यांच्या हातात तो झाडूच्या हिरासारखा दिसे आणि चेंडू भलतीकडेच पळे. तेव्हा ते तो थेट आमच्या घरी घेऊन आले होते. "वहिनींनी वापरून बघावा," म्हणाले, आणि मी त्यांना चहाऐवजी जेवायलाच थांबवून घेतलं.

कारण मला त्या ड्रायव्हरची फार गरज होती.

आदल्या वर्षी कुमुदचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या. पुढचे उपचारही झाले. केस गेले, परत आले, आले ते कुरळे आले. डॉक्टरीणबाईंनी शेवटी हसून सांगितलं, "आता खेळा. दुखलं तर थांबा." डावा हात वर जावा म्हणून कुमुद रोज स्वयंपाकघरातल्या भिंतीला तोंड करून उभी राही आणि बोटं एकेक करून भिंतीवर चढवी, पाल चढते तशी. हात वर जायला लागला, पण त्यातला जोर परत आला नव्हता. आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा ड्रायव्हर फिरतो तो डाव्या हाताच्या भरवशावर.

आमचा खेळही जरा वेगळा होता. आम्ही दोघं मिळून एकच चेंडू खेळायचो. लग्न झालं तेव्हा बाहेरचे चेंडू मिळायची मारामार होती. कुणीतरी दिलेला एक चांगला चेंडू आमच्याकडे होता, तो आम्ही आळीपाळीने मारायचो. एक फटका तिचा, पुढचा माझा. विषम होलची सुरुवात तिने करायची, सम होलची मी. पुढे चेंडू हवे तेवढे मिळायला लागले, तरी ही सवय सुटली नाही. क्लबात चेष्टा व्हायची, "गुप्त्यांचा संसार एका चेंडूचा." कुमुद तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवायची. तिच्या शाईच्या पेनने ती प्रत्येक नव्या चेंडूवर दोन बारीक ठिपके काढी. एक तिचा, एक माझा. कुठला कुणाचा, ते तिने मला कधी सांगितलं नाही.

तर विषम होल तिचे, आणि सातव्या होलवर नाला आडवा येतो. आमच्या सुखदुःखाची गाठ तिथे पडली होती. टीवरून, म्हणजे होल सुरू करायच्या ओट्यावरून, मारलेला चेंडू नाल्यावरून उडून पलीकडे पडला पाहिजे. इतकी वर्षं कुमुद तो बोलता बोलता पार करी. ऑपरेशननंतर आम्ही पुन्हा खेळायला लागलो आणि दर रविवारी चेंडू पाण्यात जायला लागला. आमचे किती ठिपके त्या चिखलात रुतून बसलेत कोण जाणे. मी एकदा म्हटलं, "बायकांची टी पुढे आहे, तिथून मार की." ती माझ्याकडे बघतच राहिली.  घरी आल्यावर दारात चपला काढताना म्हणाली, "येत्या रविवारपर्यंत बघते. पलीकडे गेला नाही तर बॅग माळ्यावर टाकते. तुम्ही तुमचा वेगळा चेंडू घ्या."

वेगळा चेंडू घ्या. हे तिने 'दूध उतू चाललंय' इतक्या सहज म्हटलं. मला रात्रभर झोप नाही. आमचं लग्न टिकलं ते त्या रविवारच्या सकाळींवर, असं मी म्हटलं तर हसू नका. मूल नव्हतं. घरात आम्ही दोघंही अबोल. जे काही बोललो, भांडलो, समजूत घातली, ते सगळं त्या गवतावर, चेंडूमागे चालताना.

म्हणून तो ड्रायव्हर, आणि म्हणून ते धुकं.

"हातात काही आहे असं वाटतच नाही हो," कुमुद म्हणाली. "भरलेली समजून कळशी उचलावी आणि ती रिकामी निघावी, तसं होतंय. हात आपोआप वर जातो."

"मग चांगलंच की!"

"चांगलं कसलं? वर जातो आणि तिथेच हरवतो."

दुसरा फटका चेंडूच्या डोक्यावरून गेला. तिसऱ्यात चेंडू घरंगळत गेला आणि समोर हाकेच्या अंतरावर थांबला. "बघू, मी दाखवतो," म्हणून मी पुढे झालो. मी निवृत्त इंजिनियर, दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. दात-ओठ खाऊन असा काही ओढला की चेंडू डावीकडे वळून क्लबच्या पत्र्यावर आपटला. आतून कुणीतरी ओरडलं.

"हलका आहे म्हणून जोर करायचा नसतो गुप्ते," भडकमकर म्हणाले. "माझंही तेच झालं. आपण जड काठीची माणसं."

कुमुद हसली. किती दिवसांनी मोठ्याने हसली. मग माझ्या हातातून तिने ड्रायव्हर काढून घेतला, चेंडूसमोर उभी राहिली आणि डोळे मिटले. तिचा हात हळूहळू वर जायला लागला. इतका हळू की मला वाटलं ती मध्येच थांबतेय. तो हात मी ओळखला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर चढतो तोच हात. वर जाऊन क्षणभर टेकला आणि मग तिने तो नुसता सोडून दिला.

ठण्ण.

तो आवाज धुक्यात बराच वेळ राहिला. चेंडू कुठे पडला ते ऐकू आलं नाही.

"गेला," भडकमकर हलकेच म्हणाले.

"किती?" मी विचारलं.

"ते उद्या नाल्याला विचारू."

रविवारी धुकं आणखी दाट होतं. क्लबात चिटपाखरू नव्हतं. शहाणी माणसं पांघरुणात होती. आम्ही तिघं निघालो. आमचा क्लब इंग्रजांच्या लष्करी छावणीच्या काळातला, गरीब. इतर ठिकाणी होलभोवती हिरवळ असते, आमच्याकडे वाळूत तेल कालवून केलेली तपकिरी जागा. म्हणून तिला ग्रीन न म्हणता ब्राउन म्हणतात. धुक्यात त्या तेलाचा वास तेवढा वाट दाखवत होता. आम्ही वासाच्या दिशेने चालायचो, झेंडा अचानक नाकासमोर उभा राहायचा, आणि भडकमकर म्हणायचे, "अरे, आलो का!"

मी दोघांच्या बॅगा ओढत होतो. एका खांद्यावर थर्मास, दुसऱ्यावर कुमुदची शाल, खिशात तिच्या गोळ्या, दुसऱ्या खिशात सोललेले बदाम. पहिल्या टीवर मी वाकून तिचा चेंडू लावून दिला.  फटका बरा गेला, उजवीकडे पण बरा. तिसऱ्या टीवर मी पुन्हा वाकलो.

"अहो, उठा," ती म्हणाली.

"अगं, गार पडलीय जमीन, वाकताना उगाच..."

"उठा म्हणते ना. माझा चेंडू मला लावता येतो."

मी उठलो. तिने चेंडू लावला आणि फटका साफ चुकला. चेंडू पुढ्यातच पडला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी शाल पुढे केली, तिने ती घेतली नाही. भडकमकर एकाएकी आपल्या बुटाची नाडी बांधायला बसले, बांधलेली असूनही.

पाचव्यावर चेंडू चांगला उंच गेला, पण गेला तो गेलाच. दिसलं काहीच नाही. शोधून सापडला तो बऱ्यापैकी पुढे. मी "वा!" म्हणालो. आवाज माझ्याच कानांना खोटा वाटला, लहान मुलाने वाकडंतिकडं चित्र काढलं की म्हणतो तसा. कुमुदलाही तो तसाच लागला असणार. ती पुढे चालायला लागली. तिची पाठ दिसत होती, मग अर्धी दिसत होती, मग नुसती निळ्या स्वेटरची एक आठवण. मी पाय उचलले.

"सावकाश जा गं!"

"सावकाशच चाललेय," धुक्यातून उत्तर आलं. "तुम्हीच मागे पडताय."

सातव्याच्या टीवर उभं राहिलं की खाली नाला, नाल्यावर लाकडी साकव, पलीकडे उतरता माळ आणि माळाच्या पार टोकाला एक काटेसावर. आमच्यासारखे सगळे त्या सावरीवर नेम धरून मारतात, पण तिच्यापर्यंत कुणाचा चेंडू जात नाही. ती केवळ बघायला. त्या दिवशी तीही नव्हती. नाल्यात धुकं काठोकाठ भरलं होतं. आपण कुठल्यातरी तळ्याच्या काठी उभे आहोत आणि पलीकडचा किनारा अजून कुणी पाहिलेला नाही, असं वाटत होतं.

"धुकं उठेपर्यंत थांबू या," मी म्हणालो.

"नको," कुमुद म्हणाली. "दिसत नाही तेच बरं आहे."

आधी भडकमकरांनी मारला. खालून स्पष्ट आवाज आला, डुबुक. "आमचं स्नान झालं," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

कुमुदने खिशातून नवा चेंडू काढला. दोन ठिपके वर येतील असा टीवर ठेवला. हलका ड्रायव्हर हातात घेतला. मी दोन पावलं मागे सरलो आणि, सांगायला हरकत नाही, मी देवाचं नाव घेतलं. एरवी मी देवाच्या वाटेला जात नाही. त्या काठीकडे, तिच्या हातांकडे बघताना मला एवढंच कळत होतं, की आता डुबुक असा आवाज आला तर माझा रविवार बुडाला. पुढचे सगळे रविवार.

हात भिंतीवर चढला. टेकला. सुटला.

ठण्ण.

मग काहीच नाही. आम्ही तिघं मान पुढे काढून ऐकत राहिलो. पाण्याचा आवाज आला नाही. जमिनीचाही आला नाही. चेंडू कुठेच पडला नव्हता, तो अजून वरच असावा असं मला वाटलं.

"पाण्यात नाही पडला," भडकमकर म्हणाले.

"काठावरच्या चिखलात पडला तर आवाज येत नाही," मी म्हणालो. बोलून गेलो आणि जीभ चावली.

कुमुद ड्रायव्हर खांद्यावर टाकून साकवावरून निघाली.

पलीकडे गेल्यावर मी बॅगा टाकल्या आणि सरळ काठावर उतरलो. तिथे लव्हाळं माजलेलं होतं. गुडघ्यांवर बसून मी ते हाताने बाजूला सारत होतो. मनात एकच चाललं होतं, इथे सापडू नये, इथे सापडू नये. आणि तरी शोधत होतो तिथेच. भडकमकर जरा वर, जिथे कुमुदचे जुने चांगले फटके पडायचे, तिथे पायाने गवत चाचपत फिरत होते. चिखलात मला तीन चेंडू मिळाले. एकावर तर दोन फिकट ठिपकेही होते.  पण तो जुना होता, शेवाळलेला, मागच्या कुठल्या तरी रविवारचा.

उठून पाहिलं तर कुमुद नव्हती.

"कुमुद!"

मी काठावरून वर आलो.

"भडकमकर, ही कुठे गेली?"

"माझ्याकडे नाहीत. तुमच्या बाजूला असतील."

"कुमुद! अगं कुमुद!"

माझा आवाज मलाच ओळखू येईना. त्या वर्षभरात हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात बसून मी मनातल्या मनात अशाच हाका मारल्या होत्या. आता त्या तोंडातून बाहेर पडत होत्या. ती चक्कर येऊन पडली असेल, साकवावरून पाय घसरला असेल, कायकाय मनात येऊन गेलं. मी पुन्हा पाण्याच्या बाजूला धावलो.

तेवढ्यात लांबून, फार लांबून आवाज आला. "अहो, इकडे."

"कुठे?"

"इकडे. पुढे या."

मी आवाजाच्या रोखाने चालायला लागलो. चिखलाने बूट जड झाले होते. गवत संपलं, उतार लागला. "कुठे आहेस?" "अजून पुढे." तिच्या आवाजात घाई नव्हती, घाबरणं नव्हतं. अंगणातून आतल्या माणसाला चांदणं बघायला बोलवावं, तसं ती बोलवत होती. मी चालतच होतो. इतक्या पुढे मी कधी तिचा चेंडू शोधायला आलो नव्हतो. माझा स्वतःचाही नव्हे. मला वाटलं, आता हा माळ संपतच नाही, ती अशीच पुढे पुढे जात राहणार आणि मी मागून.

मग धुक्यात आधी काटे दिसले. सावरीचं खोड. त्याला टेकून कुमुद उभी होती. पानं झडलेल्या फांद्यांवर काळसर कळ्या धरल्या होत्या. तिच्या पायाशी, हात न लावलेला, चेंडू. दोन ठिपके आभाळाकडे.

मी बघतच राहिलो. मागून भडकमकर धापा टाकत आले. त्यांनी चेंडूकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. "उतार आहे, जमीन वाळून दगड झालीय, पडल्यावर गडगडला असणार," ते म्हणाले, आणि मग स्वतःवरच वैतागले. "पण आधी नाला ओलांडून पडला ना! वहिनी, नमस्कार आहे तुम्हाला." ते हात जोडून बाजूला गेले. मोठा समजूतदार माणूस. उगाच सावरीच्या पलीकडे जाऊन एक गाणं गुणगुणत बसले.

"तुम्ही कुठे शोधत होतात?" कुमुदने विचारलं.

"तिथेच. काठाला."

"काठाला म्हणजे नाल्यात."

माझ्या गुडघ्यांवर चिखल होता. खोटं बोलायची सोयच नव्हती. "नाल्यात," मी म्हणालो.

मला वाटलं ती चिडेल. ती चिडली नाही. तिने माझ्या खांद्यावरची शाल काढून घेतली, घडी मोडली आणि माझ्याच पाठीवर टाकली. 

"ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही मला तिथेच शोधताय," ती म्हणाली. "मसाल्याचे डबे खालच्या फळीवर आणलेत. माझी पर्स तुम्ही धरता. कुणी विचारलं, बरी आहे का, तर माझ्याआधी तुम्ही उत्तर देता. घरात मला सगळं हलकं, सगळं जवळ. मी म्हटलं, असेलही बाई, आपण तेवढ्याच उरलो असू. रोज ऐकलं की आपल्यालाही खरं वाटायला लागतं हो." तिने सावरीच्या खोडावर हात ठेवला, काट्यांमधल्या जागेत, डावा हात. "पण मी तिथे नाहीये. मी इथे आहे."

मी रडलो. पुरुषाने रडल्यावर जे काही करायचं असतं, रुमाल काढणं, खोकणं, चष्मा पुसणं, ते सगळं केलं आणि तरी रडलो. ती वाट बघत उभी राहिली. घाई करत नव्हती आणि समजूतही घालत नव्हती.

"चला," ती शेवटी म्हणाली. "आता पाळी तुमची आहे."

पाळी माझीच होती. एक फटका तिचा, पुढचा माझा. सावरीपाशी पडलेला तो चेंडू, आमच्या क्लबात कुणाला मिळाली नसेल अशी जागा, तिथून मला नुसता ब्राउनवर उचलून टाकायचा होता. मी आयुष्यातला सगळ्यात दळभद्री फटका मारला. माती उडाली, चेंडू हातभर सरकला.

"अरेरे," कुमुद म्हणाली. "माझ्या मेहनतीवर पाणी."

आणि ती पुन्हा तशीच हसली, मोठ्याने. ते हसू त्या धुक्यात कुठवर गेलं, मला दिसलं नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. भडकमकरांनी तो ड्रायव्हर परत मागितला नाही आणि आम्ही दिला नाही. आता ते नाहीत. मसाल्याचे डबे वरच्या फळीवर गेले ते गेलेच. तिथे माझा हात पुरत नाही, कारण उजवा खांदा धरला आहे. आता तो हलका ड्रायव्हर माझ्या बॅगेत असतो. पाळ्यांची अदलाबदल कुमुदनेच केली. "विषम होल आता तुमचे," म्हणाली. "नाला तुमचा. फार दिवस आयतं खाल्लंत."

मी हात भिंतीवर चढवतो तसा वर नेतो, तिने शिकवलं तसा. टेकवतो, सोडून देतो. आवाज अजून छान येतो. चेंडू मात्र पलीकडच्या काठावर कसाबसा पडतो, लव्हाळ्यात, कधी त्याच्याही अलीकडे. माझं मला ठाऊक असतं. मी साकव उतरलो की थांबतो, आणि बहुतेक वेळा तो मला तिथेच पायाशी दिसतोही.

कुमुद थांबत नाही. ती माझ्या पुढून, तिच्या त्या सावकाश चालीने, उतारावरून सरळ चालत जाते, पार सावरीपर्यंत. माझा चेंडू तिथे कधीच पोचलेला नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तरी ती आधी तिथेच जाते. खाली वाकून झाडाभोवतीचं गवत बघते, फिरून पुन्हा बघते.

मी तिला लगेच हाक मारत नाही. थोडा वेळ तिला तिथेच शोधू देतो.